कालव्याकाठच्या केवड्याची पिल्ले

१४ ऑक्टोबर १९९६, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. होसूरला मी प्रयोगशाळेत निघण्याच्या तयारीत असताना तंजावूरहून पार्वतीमामींचा फोन आला. "कमलाक्का गेल्या गं... पहाटे, झोपेतच." कमलाक्का म्हणजे माझी आत्या; मामी तिच्या भिंतीपलीकडच्या शेजारीण.

आत्याने आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. मी त्याच विषयात पुढे गेले. परदेशी फुलझाडांची रोपे बाटल्यांत वाढवून निर्यात करणाऱ्या कंपनीत काम करते. तिला याचा अभिमान होता आणि तक्रारही. "जगाला झाडं पुरवतेस. पापनाशमच्या केवड्याचं काय?" तंजावूरजवळच्या त्या गावात कालव्याकाठी केवड्याचे एक बेट होते आणि दरवर्षी ती विद्यार्थिनींना तिथे नेत असे. केवड्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, सुगंध नराच्या कणसाला. हे बेट नराचे, आणि त्या परिसरात उरलेले शेवटचे. बुंध्याशी फुटलेली पिल्ले अलग करून लावली, तरच तोच केवडा पुढे चालतो. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टच्या तमिळ आडी महिन्यात रस्तारुंदीसाठी ते बेट काढायचे ठरले, तेव्हा तिने मला तातडीने बोलावून घेतले.

आम्ही बारा पिल्ले आणली. पाने निम्मी छाटली, कापलेले बुंधे सावलीत सुकू दिले. मी मुळे फुटण्याची पूड काढताच तिने हळदीचा डबा पुढे केला. "तुझीही लाव, माझीही लावू. कुणाची तरी लागू पडेल." भिंतीवरून मामींनी पाहिले. "शिवाला न चालणारं फूल, आणि ते त्याच्या एवढ्या मोठ्या देवळाच्या गावात! वर साप येतील ते वेगळेच."

"आला तर तुमच्याकडेच पाठवते, मामी," आत्या म्हणाली. "कॉफी तुमचीच चांगली."

गल्लीत मात्र एकाही घराने रोप घेण्याची तयारी दाखवली नाही. आत्याला हीच खरी काळजी होती. "एकाच परसात राहिला, तर केवडा वाचला असं मी म्हणणार नाही," ती म्हणे. "एक कीड पडली, नाहीतर हे घर विकलं गेलं, की संपलं." परसदाराच्या आतल्या बाजूला ती खडूने रोपांची संख्या लिही, मध्यातून नवे पान आल्याशिवाय कोणतेही रोप मोजत नसे. "जुनं पान हिरवं आहे म्हणजे ते अजून मरायचं आहे, एवढंच." सप्टेंबरात तिने फोनवर आकडा सांगितला होता... नऊ.

अंत्यविधीनंतर मी परसदारी गेले. दारावर आठ लिहिले होते, कुंड्याही आठच होत्या. एक रोप मेले, असा सरळ निष्कर्ष मी काढला. सवयीप्रमाणे कारण शोधू लागले. कुजलेला बुंधा मिळाला नाही, रिकामी कुंडीसुद्धा नाही.

दहाव्याच्या दिवशी मामींनी मला बाजूला घेतले. "एक माझ्याकडे आहे गं. विहिरीमागे. जायच्या आदल्याच आठवड्यात स्वतः उचलून घेऊन आल्या त्या."

"पण मामी, साप? शिव?"

"नातीच्या वेणीत घालायला नको का? मामांना घायपात म्हणून सांगितलंय. बोलू नकोस हं."

मी परत त्या दारापाशी गेले. घराबाहेर रुजायला गेलेले रोप आत्याने हिशेबातून वजा केले होते. तो आकडा शून्यावर आणणे हे आता माझे काम, आणि ते होईल. पहिल्या रोपासाठी होसूरला जागा मी पाहून ठेवली आहे. तोवर दारावर तिच्या हातचा शेवटचा आकडा: आठ.