किलोभर काकवी

माझं माहेर शिरूरचं. आमच्या घरात तराजू नव्हता. बाजरी, पीठ, दूध, सगळं एकाच पत्र्याच्या मापानं मोजायचं, आणि त्यानं कुणाचं काही अडलं नाही. लग्न होऊन दौंडला आले, तर तिथं मीठसुद्धा वजनाचं. सासरे रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. शेर जाऊन नवे किलो आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात तराजू टांगला. पीठ स्वतः जोखून द्यायचे आणि उरलेलं परत जोखायचे.

मला त्यांची फार भीती वाटायची. थोरल्या जावेच्या हातून दूध उतू गेलं, तेवढ्यावरून त्यांनी तिला माहेरी धाडलं होतं. वर्ष उलटलं तरी तिला आणायला कुणी गेलं नव्हतं.

आमच्या ख्रिस्ती देवळात सुगीचा सण होता. प्रत्येक घरातून काहीतरी जायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. आमच्याकडून कापण्या जायच्या होत्या. सासऱ्यांनी दोन किलो कणीक जोखून परातीत ठेवली आणि ते देवळात कमान बांधायला गेले.

“किलोभर काकवी घाल, आन् घट्ट मळ,” असं सांगून सासूबाई गोठ्याकडं गेल्या.

तराजूला हात लावायची माझी छाती होईना. मी माहेराहून सोबत आणलेलं तसलंच पत्र्याचं माप काढलं. कणीक भरून पाहिली, चार मापं झाली. म्हणजे किलोला दोन. मग दोन मापं काकवी ओतली. पीठ मापात किती हलकं बसतं आणि काकवी किती जड, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. हात घातला तर परातीत लापशी! कणीक तर आता चिमूटभरही मिळणार नव्हती. शिरूरची एसटी, दारात उभी आई, सगळं डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

सासूबाई आल्या. परात पाहिली आणि आधी दाराला कडी घातली.

“आत्याबाई, मामंजींना कळलं तर?”

“शेजारनं कणीक आणते मागल्या दारानं. ही निम्मी काढून गोवऱ्यांमागं ठेव. येतील आता ते. चल, लवकर!”

लापशी पातेल्यात काढताना त्या माझ्याहून जास्त वेळा दाराकडं वळून पाहत होत्या. नवी आहे म्हणून भिते, चार वर्षांत सरावेन, अशी मी मनाची समजूत घातली होती. त्यांचे तर केस पिकले होते.