धवलारणीचा नमुना

आमच्याकडे लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारीण उशिरा आली तर हळद खोळंबते. ती धवल्याची, म्हणजे लग्नगाण्याची, ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका ती धरतात आणि त्या गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. खारबावला आमच्या घरामागे राहणारी काकी अशी धवलारीण होती. नात्याने बाबांची लांबची वहिनी.

कोरोनाची मोठी भीती ओसरली होती तेव्हाची गोष्ट. गावात एक हळद झाली आणि आठवड्याभरात माणसं तापाने पडली, त्यात माझी आईही. नवऱ्या मुलाचे आजोबा गेले. काकीलाही ताप आला होता. हळदीच्या दोन दिवस आधी ती अकलोलीकडच्या एका लग्नात गाऊन आली होती, लोकांना एवढं पुरलं. "तोंड उघडून तीच तं गात व्हती," असं आधी एकीने म्हटलं, मग सगळ्यांनीच. त्यानंतर काकीला कुणी बोलावलं नाही. लग्नाचे दोन मोसम गेले. लोक स्पीकरवर धवले लावू लागले.

मी भिवंडीच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकत होते. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात प्रश्न विचारायचा असला तरी तो आधी वहीत लिहून बघायचे. आमच्या मॅडमचा एक प्रकल्प होता. पॉझिटिव्ह आलेल्यांच्या स्वॅबमधून विषाणूचा जीनोम वाचून घ्यायचा, म्हणजे कुठल्या वस्तीत त्याचा कुठला प्रकार फिरतोय ते कळतं. त्या तापाच्या दिवसांत आमच्या गावात तपासणी लागली तेव्हा गावची म्हणून मदतीला मला पाठवलं. संमतीचा कागद मीच सगळ्यांना वाचून दाखवत होते.

"तुमचं नाव कुठंच येणार नाही," मी काकीला म्हणाले होते.

"नाव न्हाय तं मंग नाक कनाला खुपसता?" ती म्हणाली आणि रांगेतल्या बायका खोकत खोकत हसल्या.

ट्यूबवरचे नंबर मी माझ्या हाताने लिहिले.

नमुने फ्रीझरमध्ये पडून राहिले. मोठ्या प्रयोगशाळेत त्यांचा नंबर लागायला वर्षाच्या वर गेलं. निकाल आला तेव्हा माझ्या ताईचं लग्न ठरलं होतं आणि आईने स्पीकरवाल्याला होकारही दिला होता.

विषाणू माणसातून माणसात जाताना स्वतःच्या नकला काढतो आणि त्यात थोडा थोडा चुकतो. ज्यांच्या विषाणूंतल्या चुका जुळतात, ते एकमेकांच्या जवळचे. मॅडमच्या कॉम्प्युटरवर या नात्यांचं झाड काढलं होतं; त्यात आमच्या गावचे नमुने एकाच फांदीवर चिकटून बसले होते. एकच नंबर लांब, भलत्याच फांदीवर. तो काकीचा, हे कळायला मला यादी लागली नाही. चिकटून बसलेल्यांत माझ्या आईचाही नंबर होता.

मी मॅडमना सगळं सांगितलं.

"तिचा विषाणू फार वेगळा आहे, म्हणजे तिच्याकडून या लोकांना गेलेला नाही. हे ठामपणे सांगता येतं," मॅडम म्हणाल्या. "पण बाकीच्यांचा सारखा आहे म्हणून कुणी कुणाला दिला, ते नाही सांगता येत. आणि तू नंबर ओळखायलाच नको होतंस."

"पण माझ्याच अक्षरातले आहेत ते."

मॅडमनी कॉम्प्युटर बंद केला. "तिचा निकाल तिला हवा असेल तर सांग. बाकीच्यांबद्दल एक अक्षर नाही."

दोन दिवस आई लग्नाचं सामान मोजताना मला हाक मारायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. तिसऱ्या दिवशी एक छापील कागद घेऊन काकीकडे गेले. ती ओट्यावर सुकट निवडत होती.

"काकी, तुझा निकाल आलाय. सांगू?"

"एवढ्या दिसांनी? मी मेली का जगली ते लिवलंय का त्यात?"

मी सांगितलं. तिने सुकटातला एक खडा अंगणात भिरकावला.

"मंग कोनाचा गेला?"

"ते सांगता येत नाही. यंत्रालाही येत नाही."

"बरं जालं. न्हायतर माझ्या जागी दुसरी कोनी बसवली असती." मग तिने वर बघितलं. "तुला कवा कललं हे?"

"तीन दिवस झाले."

"म्हंजे तवर तुझंबी तेच म्हननं व्हतं."

तसंच होतं. गेल्या वर्षी एका बारशात ती माझ्या शेजारी येऊन बसली, तेव्हा मी पाणी आणायला म्हणून उठले होते आणि परतताना दुसरीकडे बसले होते. गाताना थेंब लांब उडतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिने ते पाहिलं होतं.

"कागद आनलास. आवतन कुठं हाय?" ती म्हणाली. निघताना मी विचारलं, आईला सांगू का? "सांग. माझंच हाय ते."

आईने ऐकलं आणि हातातलं काम चालूच ठेवलं. "आता मी काय तोंड घेऊन जाऊ तिच्याकडं?"

"नारळ घेऊन जा," मी म्हणाले. माझं बोलणं फार तुटक झालं. दुसऱ्या दिवशी मात्र नारळ, तांदूळ, सुपारीचं ताट घेऊन निघाली, मी तिच्या मागे.

काकीने ताट लगेच घेतलं नाही. "येईन. पन मागं धरायला हिला बसव. माझ्या खांद्याला खांदा लावून."

"हिला कुठं येतंय?" आई म्हणाली.

"कॉलेजात जाते ना? शिकंल."

चार ओळी पाठ करायला मला आठवडा लागला. हळदीच्या दिवशी मांडवात काकी पाटाजवळ बसली आणि मी तिला चिकटून. बायका आल्या, पण आमच्यापासून हातभर जागा सोडून बसल्या. काही जणींनी पदर नाकाला लावला. काकीने पहिली ओळ म्हटली. मी ती धरली, आवाज फाटला, तरी शेवटपर्यंत नेली. आई हळदीची वाटी घेऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत होता की नाही, ते मला तिथून कळत नव्हतं. काकीने दुसरी ओळ सुरू केली.