सोळा कोरचा कॉम्प्युटर आणि मी

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला माणूस, त्यामुळे विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू मीच निवडायची असा घरात नियम आहे. (पदवी इतिहासाची आहे. हे कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.) याच नियमाने आमचा कूलर आला, जो फक्त शेजाऱ्यांना गार करतो.

धाकटी बहीण पल्लवी लातूरहून सिव्हिलचा डिप्लोमा करून नांदेडला घरी आली आणि लातूरच्याच एका इंजिनियरने तिला एका बंगल्याचं थ्रीडी ड्रॉइंग करायला दिलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत पोचलं तर पुढची कामंही तिलाच. बाबांनी कबूल केलं होतं की काम लागलं तर लग्नाचा विषय बंद. नाही तर पुढच्या आठवड्यात भोकरचा मुलगा बघायला येणार होता. म्हणजे सगळं एका कॉम्प्युटरवर येऊन ठेपलं!

"दादा, नवा सहा कोरचा आण. सहा बास," तिने बजावलं.

बाबांना घेऊन मी दुकानात गेलो. सहा कोरच्या शेजारीच, त्याच किमतीत, जुन्या सर्व्हरमधून काढलेला सोळा कोरचा ठेवलेला. मी बाबांना समजावलं, की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं आणि कोर म्हणजे त्यातले काम करणारे गडी. बाबांचा जन्म लोहा गावच्या शेतात गेलेला.

"सहा गडी अन् सोळा गडी, सारख्याच पैशात?"

"हाव."

"मंग इचार काय करून राहिला?"

दुकानदाराने विचारलं, यावर काम काय करणार? शाळेत सातवीच्या वर्गाला शिकवतो त्या आवाजात मी म्हणालो, सगळंच. त्याने लगेच बिल फाडलं.

पल्लवीने डब्यावरची चिठ्ठी दोनदा वाचली आणि वायरी जोडायला घेतल्या. (हे लक्षण वाईट असतं.) भिंती कशाबशा उभ्या राहिल्या. पण बंगला वळवून मागची बाजू बघायची म्हटली की पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू व्हायचा आणि चहा पिऊन होईपर्यंत बंगला कोपऱ्यापर्यंत वळायचा. सोळा गडी काय करतायत हे दाखवणारा तक्ता मी स्क्रीनवर उघडला. एक चौकोन काठोकाठ भरलेला, बाकी पंधरा सपाट. बाबांनी चष्मा लावला.

"हा एकटाच राबून राहिला. बाकीचे?"

"ते तयार बसलेत."

"कशासाठी?"

"काम आलं की करतील."

"काम तर आलंय की. मुकादम कोण हाय यांचा?"

पल्लवी मान वर न करता म्हणाली, "दादा, हे सॉफ्टवेअर बहुतेक काम एकाच कोरवर करतं, तो एक चपळ हवा. म्हणून ताजे सहा सांगितले होते. म्हातारे सोळा नाही."

आता काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मी म्हटलं, एकदा बंद करून चालू करू, आणि बटण दाबलंसुद्धा! दुपारपासून काढलेला जिना गेला. बंगल्याला वरचा मजला होता, पण तिथे जायची सोय उरली नाही. पल्लवीने उरलेला बंगला पेनड्राइव्हवर घेतला. आईने माळ्यावरून पाहुण्यांच्या कपबश्या काढायला घेतल्या.

सोमवारी सकाळी पल्लवी पेनड्राइव्ह घेऊन लातूरच्या बसमध्ये बसली. मी सोबत येतो म्हणालो. ती नको म्हणाली, फारच पटकन. तिथल्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या नव्या चार कोरच्या लॅपटॉपवर तिने जिना पुन्हा चढवला आणि दिवस मावळायच्या आत काम पोचवलं. आईने कपबश्या परत माळ्यावर ठेवल्या.

आता घरात पल्लवीने स्वतः निवडून आणलेला कॉम्प्युटर आहे. परवा शेजारचे काका सवयीने मला विचारायला आले, मुलासाठी कोणता घ्यावा? मी खाटेवरून उठून घसा साफ केला. बाबांनी त्यांचा दंड धरून त्यांना पल्लवीच्या टेबलाकडे वळवलं.

"तिला इचारा. काम ती करून राहिली."

"आणि हे?"

बाबांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं.

"हा तयार बसलाय."