नवरदेवाच्या नावाची जागा

कवितेला चाल लावताना नॉर्मन डाबरे आधी अर्थ विचारत नसे. वसईत लग्नांतून वाजवायचा तेव्हापासूनची ही खोड. शब्द चालतात कसे, पाय कुठे आपटतात, दम कुठे घेतात, एवढंच तो ऐके. "अर्थ येईल मागून, आधी चाल स्टेजवर उभी राहू दे," म्हणायचा. कतारमधल्या मेसईदच्या कारखान्यातल्या आयरिश मंडळींनी आणलेल्या कितीतरी कविता त्याने अशाच गिटारवर चढवल्या. काही संथ, लोकगीतासारख्या. काही ड्रम्ससकट थेट रॉक. कंपनीच्या क्लबात त्यांवर टेबलं बडवली जात.

मग ऑल्विन गेला. नॉर्मन आणि बेट्टीचा एकुलता एक मुलगा, दोहाहून घरी येताना, रस्त्यावरच्या अपघातात. ईस्टरनंतर त्याचं लग्न होतं. गिटार कपाटावर गेली ती गेलीच.

ती खाली उतरली फिन्टनमुळे. नॉर्मनच्याच प्लॅन्टमधला हा आयरिश इंजिनियर एका दुपारी दारात उभा राहिला. गावी त्याची आई अंथरुणाला खिळली होती. तिने आयुष्यात एकच कविता रचली होती, आपल्या आयरिश भाषेत, आणि ती तिला गाण्यात ऐकायची होती.

"फार वेळ नाही, नॉर्मन," एवढंच तो म्हणाला आणि आईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग फोनवर पाठवून गेला.

"नाही म्हणता येत नव्हतं तुला?" बेट्टीने विचारलं.

"म्हातारी आहे गं."

"आणि आपण काय तरणेताठे?"

पण चाल आली. ओळखीचं माणूस न विचारता घरात शिरावं, तशी.

शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फिन्टन आला. नॉर्मनने गिटारच्या लाकडावर बोटांनी नाचरा ठेका धरला आणि गायला लागला. बेट्टी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. फिन्टनचा चेहरा उतरत गेला.

"ही माझ्या धाकट्या भावावरची कविता आहे," तो म्हणाला. "किअरन. समुद्रावर गेला, परत आला नाही. तू जिथे आवाज चढवतोस, तिथे आई त्याला नावाने हाक मारते."

नॉर्मनने ठेका थांबवला. "सॉरी. बदलतो मी. संथ करतो."

"काय वाजवलंस, कळलं का तुला?" बेट्टी म्हणाली. "पाण्याचं गाणं वाजवलंस."

मग तिनेच फिन्टनला तिच्या इंग्रजीत सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणायला आमच्याकडे बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. पुढे घुमट, मातीचं ढोलकं, वाजतं. एक बाई गाते, बाकीच्या मागून म्हणतात. कडव्याच्या शेवटी एक जागा मोकळी असते, नवरदेवाच्या नावाची. "तुझ्या भावाचं नाव याने त्या जागेवर बसवलंय. पाठ करून ठेवलं होतं ना आम्ही ते गाणं. ऑल्विनसाठी."

फिन्टनने फोन काढला. "बदलू नकोस. आईलाच ठरवू दे."

पडद्यावर उशीला टेकलेली एक वाळकी म्हातारी दिसली. नॉर्मन गायला लागला. नावाच्या जागेपाशी आला आणि थांबला. ठेका तेवढा चालू राहिला. मोकळ्या राहिलेल्या त्या जागेत फोनमधून एक फाटका आवाज आला, "किअरन."

नॉर्मनने दुसरं कडवं कसंबसं ओढत आणलं. पुन्हा तीच जागा. या वेळी म्हातारी दमली होती, नुसते ओठ हलले.

बेट्टीने पिठाचा हात पदराला पुसला. पाण्याला निघालेल्या बायकांसारखी ती ताठ उभी राहिली आणि तिने सूर लावला, "ऑल्विन."

हा कोण, म्हातारीला ठाऊक नव्हतं. तरी मागून म्हणणाऱ्या बायकांसारखं, हळूच, तिनेही ते नाव म्हटलं.