आईसाठी बसवलेला टप

कप खाली ठेवा आधी. हसताना चहा अंगावर सांडलात तर मला बोलायचं नाही!

माझे बाबा रेल्वेतून रिटायर झाले आणि घोलवडच्या एका वाडीवाल्याकडून जुनी स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. लाल, दोनच सीट, आणि वर टप नाही. म्हणजे होता कधीतरी. आता नुसता लोखंडी सांगाडा. त्या उघड्या गाडीतून त्यांनी अख्खं डहाणू फिरवलं. फक्त आई कधी बसली नाही. ऊन लागलं की तिचं डोकं चढतं.

"छप्पर घाला, मग बसते," ती म्हणायची.

"घालू की," बाबा म्हणायचे. असं म्हणता म्हणता वर्षं गेली.

यंदा बाबांचा गुडघा क्लच दाबेनासा झाला. गाडी विकली. सोमवारी गिऱ्हाईक न्यायला येणार, आणि बाबांनी मुंबईहून नवा कापडी टप मागवला!

"अहो, गाडी चालली, आता टप कशाला?" आईने विचारलं.

"तुला विवळवेढ्याला न्यायचंय. महालक्ष्मीला."

 आई आत जाऊन कपाटातल्या साड्या बराच वेळ बघत राहिली.

टप बसवणार कोण? अर्थात मी! शाळेत शिवण शिकवते, मोबाईलवर व्हिडिओ बघितलेले. कापड ते कापड, त्यात काय एवढं?

शनिवारी मागची बाजू झाली. रविवारी सकाळी फक्त पुढची कड राहिली होती. नवरा आणि मी स्कूटरवरून मागोमाग जाणार, म्हणून मी आईची जांभळी पैठणी नेसून तयार.

"साडी बदल आणि मग कर," आई म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे गं!"

कापड मऊ पडावं म्हणून गाडी उन्हात लावली. मी आत बसले, पुढच्या पट्टीला चिकटवायचं सोल्युशन फासलं, कापड ताणून गुंडाळलं, दाबलं आणि खटाखट कड्या लावल्या. एक सुरकुती असेल तर शपथ!

"उतर आता, आईला बसू दे," बाबा म्हणाले.

मी उठले, तर कोणीतरी खांदा मागे ओढला.

"बाबा, पदर सोडा ना!"

"अगं, मी इथे आहे." बाबा बोनेटपाशी उभे होते!

वर बघितलं. माझा पदर टपात! कापडाच्या घडीत गच्च चिकटलेला, आणि जरीचा काठ बाहेर काचेवर लोंबतोय.

कड्या उघडल्या. पदर ओढला, तर टपच सुटून यायला लागला.

"साडी सोडून ये," नवरा म्हणाला.

"भर अंगणात?"

कुंपणावर शेजारी जमले. एकाने तर मोबाईल काढला.

बाबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते टपाकडे बघत होते. या एका फेरीसाठी त्या माणसाने विकलेल्या गाडीला छप्पर आणलं होतं, आणि मी त्यातच अडकून बसले होते. तेही आईच्या सीटवर.

"बाबा, ओढा जोरात. टप निघाला तर निघाला," मी म्हटलं.

तेवढ्यात आई कात्री घेऊन आली.

"आई, तुझी पैठणी आहे!"

"साड्या काय, कपाटात पडूनच असतात. गाडी उद्या जाणार आहे. हलू नकोस."

आणि करकर पदर कापला!

आई गाडीत बसली. बाबांनी क्लच दाबताना दात आवळले, पण गाडी निघाली. काचेवर जरीचा काठ फडफडत होता. चारोटी नाक्यावर ट्रकवाले लग्नाची गाडी समजून हॉर्न मारत बाजूला होत होते. मागे स्कूटरवर मी, अर्धा पदर खांद्याला पिनेने टाचून.

देवळापाशी फुलवालीने विचारलं, "नवरी कुठंय?"

बाबांनी आईकडे बोट दाखवलं. आई अशी लाजली, की मी तिला तसं कधी पाहिलंच नव्हतं.

मग फुलवालीची नजर माझ्यावर आली. "आणि या ताईंचा पदर असा का?"

"ती होय?" आई म्हणाली. "ती आमची टप बसवणारी. कापड कमी पडलं, तर नेसतीचं लावलंन!"