डालग्याखालच्या तलंगा

लग्नाला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा मी बाजारातून दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या आणि थेट सासूबाईंच्या कोंबड्यांत सोडल्या. वर ऐटीत म्हणालेसुद्धा, "जा गं, ओळखी करून घ्या!" अशी मी शहाणी. दुपारपर्यंत जुन्या कोंबड्यांनी एकीला टोचून टोचून मारलं.

आज अंगणात दोन नव्या तलंगा बांबूच्या डालग्याखाली झाकल्यात. जुन्या कोंबड्या भोवती फिरतात, फटीतून चोच मारायला बघतात आणि ती बांबूवर आपटते. चार-पाच दिवसांत त्या कंटाळतील, शेजारीच दाणे टिपू लागतील. आतल्यांना मात्र तो तुरुंगच वाटत असणार. मलाही वाटायचा. नवी सून म्हणून सासूबाई मला स्वयंपाकघरातून हलू देत नसत, आणि मी भाकरी थापता थापता मनात त्यांच्या नावानं बोटं मोडत असे.

त्या दिवशी मेलेली तलंग मांडीवर घेऊन मी रडत होते. सासूबाई शेजारी टेकल्या. ओसरीवर माझ्या दोन्ही जावा तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांच्याकडे एकवार बघून सासूबाई हळूच म्हणाल्या, "नवीला आधी झाकून ठेवायचं असतं, पोरी. तुला नाही का मी महिनाभर माझ्या चुलीपाशी ठेवलं?"