कपड्यांची बॅग नेणारा चोर

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांपुढे येते ती एक बॅग. मरून रंगाची, एक चाक तुटलेली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही बॅग मात्र डोक्यातून जात नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही. या प्रकरणातली मुलगी आता दहावीच्या आसपास असेल, तिला हे सारं पुन्हा कशाला दाखवायचं?

तेव्हा मी नागपूरच्या दक्षिण भागात ठाणेदार होतो. हुडकेश्वरकडे घरांच्या प्लॉटचे नवनवे लेआउट पडत होते, त्यातल्याच एका घरातून दोन महिन्यांत दोनदा ११२ ला फोन आला की घरात चोर शिरला. नवरा कळमेश्वरला एका कारखान्यात सुपरवायझर, बायको खासगी शाळेत शिक्षिका, अकरा वर्षांची एकुलती एक मुलगी. दोन्ही वेळा गस्तीवरचे बीट मार्शल जाऊन आले. मागचं दार उघडं, कपाट विस्कटलेलं, पण गेलं काहीच नाही. स्टेशन डायरीला नोंद झाली, गस्त वाढवली, विषय संपला. तिसऱ्या वेळी मात्र पलंगाखालची बॅग गेली, आणि मग चोरीचा रीतसर गुन्हा दाखल झाला.

मी स्वतः घटनास्थळी गेलो. टीव्ही जागेवर, कपाटातली चांदीची समई जागेवर. असा साधा चोर माझ्या पाहण्यात नव्हता.

"बॅगेत काय होतं?" मी बाईंना विचारलं.

"कपडे. माझे अन् पोरीचे."

"भरून काहून ठेवली होती?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "कन्हानले जाणार होती, माहेरी."

"किती दिवसांसाठी?"

त्या पलंगावरची चादर सारखी करू लागल्या. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. मुलगी दाराशी उभी राहून नखं कुरतडत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेलो. पोलिसाची नजर पोरांवरून अशीच घसरते, पोरांना कोणी साक्षीदारसुद्धा समजत नाही.

परतताना शेजारच्या काकूंनी गेटवर थांबवलं. बाई सत्तरीच्या, पण स्मरणशक्ती आमच्या मुद्देमाल कारकुनापेक्षा चांगली. "साहेब, मी काही कोणाच्या घरात डोकावत नाही," त्या म्हणाल्या, "पण भिंतीले भिंत लागून आहे, त का करू? चोर आला त्या तिन्ही वेळा आदल्या दिवशी या दोघायचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तारखा तुमच्या वहीत पाहून घ्या."

काकूंनी सांगितलेले भांडणाचे दिवस वहीतल्या तारखांशी ताडून पाहिले. काकू बरोबर होत्या. मी खूश झालो. बायकोनं माहेरी जाऊ नये म्हणून नवऱ्यानं बॅग लपवली, आधीचे दोन चोरही त्यानंच उभे केले, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. इतकं जुळून आल्यावर पुढे विचार करण्याचे कष्ट कोण घेतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दोघं पुरवणी जबाबाला ठाण्यात आली. मुलीला घरी एकटं ठेवायची भीती वाटली म्हणून तिलाही सोबत आणलं. आमची पद्धत ठरलेली असते. एका घरातली दोन माणसं कधी शेजारी बसवून विचारायची नाहीत. एकाला इकडे, एकाला तिकडे, मग जबाब ताडून बघायचे. तीस वर्षं मी हेच केलं होतं. बाईंना महिला उपनिरीक्षक मागच्या खोलीत घेऊन गेल्या, नवऱ्याला मी माझ्या केबिनमध्ये घेतलं. मुलगी महिला मदत कक्षाच्या बाकावर राहिली. महिला शिपायानं तिला बिस्किटं दिली होती.

मी आवाज चढवला. "बॅग कुठे ठेवली ते सरळ सांगून टाका."

"मी काहून लपवीन साहेब?" तो म्हणाला. "चार महिन्यांपासून कारखान्यात रोज ऐकतो, यादी लागणार, माणसं कमी करणार. मले झोप नाही. घरी आलो का भाजीत मीठ कमी असलं तरी डोकं फिरते. राग कोणावर असते अन् निघते कोणावर. पण चोरी नाही केली मी."

मला ते नाटक वाटत होतं. मी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. मुलगी आत आली, मागून महिला शिपाई धावत आली. मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा तसाच होता, न फोडलेला.

"बाबांना सोडा," ती म्हणाली. "चोर मीच आहे."

बाप उठायला लागला, मी त्याला बसवलं. "बेटा, काय म्हणालीस?"

"आईला पण इथे आणा. यांना वेगवेगळं नका बसवू. दोघांना एका जागी बसवा, मग सांगते."

ती हटली नाही. मी आईला बोलावलं. आईची खुर्ची बापाच्या खुर्चीला लागेपर्यंत ती तोंड उघडायला तयार नव्हती. मग ती बोलली, तेही आईबापाकडे न बघता, माझ्याकडे बघून.

पहिल्या वेळी तिनं काहीच केलं नव्हतं. ट्यूशनला जाताना मागच्या दाराची कडी लावायची राहिली, मांजरीनं आत येऊन उघड्या कपाटात पसारा केला. आईला वाटलं चोर आला.

"त्या दिवशी आई रडली, तर बाबांनी तिला पाणी आणून दिलं," ती म्हणाली. "बाबा आईच्या बाजूला उभे राहिले. आम्ही तिघं एकाच खोलीत झोपलो. आठ दिवस कोणी ओरडलं नाही."

"मग?"

"मग पुन्हा सुरू झालं. म्हणून चोर पुन्हा आणला."

मला स्वतःची लाज वाटली, हे आज स्पष्ट लिहितो. जी भीती ती पोर चार महिने उराशी घेऊन जगत होती, तीच मी दहा मिनिटांत तिच्या डोळ्यांसमोर घडवून दाखवली होती. आई एका दारानं आत, बाप दुसऱ्या दारानं.

आई हलक्या आवाजात म्हणाली, "रोज हिचं पोट दुखते साहेब. शाळेतून घरी पाठवतात. दोन डॉक्टर झाले, दोघंही म्हणते काहीच नाही. मले वाटलं अभ्यास टाळायचं नाटक आहे. मी मारलं पण एकदा." मग तिनं मुलीला जवळ ओढलं आणि तोंडावर पदर घेतला.

बॅग त्यांच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे निघाली. दोन पंच घेऊन जप्ती पंचनामा केला. पंचनाम्यात एकेक वस्तू लिहावी लागते. साड्या चार. ड्रेस तीन. मुलीचा गणवेश, टॉवेल, पावडरचा डबा. मग तळातून पुरुषाचे दोन शर्ट निघाले, आणि कारखान्यात न्यायचा स्टीलचा टिफिन.

"हे मी नव्हते ठेवले," आई म्हणाली.

मुलगी टाकीला टेकून उभी होती. मी विचारलं, "तू ठेवलेस?"

"हो."

"कशाला, बेटा?"

"बॅग सापडली असती, अन् आम्ही कन्हानला गेलो असतो, तर बाबा पण मागून आले असते ना. मग त्यांनी तिथून डबा कशात नेला असता?"

बाप गच्चीच्या कठड्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. पंचांपैकी एक जण जिना उतरून खाली निघून गेला. मी मात्र लिहीत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, म्हणून कोर्टात 'क' समरी, म्हणजे केस बंद करायची शिफारस, पाठवली. पोरीचं नाव शक्य तितकं कागदाबाहेर ठेवलं. त्या तिघांना समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाप यायला तयार नव्हता, "मी काय पागल आहो का?" म्हणाला. मी सांगितलं, पोरीच्या पोटदुखीसाठी चला, तुमच्यासाठी नका येऊ. तेव्हा आला. भांडणं काही जादूनं थांबली नाहीत. पण पुढे काकू भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता भांडण झालं का त्या पोरीले दोघंही येऊन सांगते, हे तुझ्यामुळे नाही. अन् बाप्पा, चोर काही पुन्हा आला नाही."

या प्रकरणानं मला शिकवलं ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. मोठ्यांवरचा ताण मोठ्यांपाशी थांबत नाही. तो खाली उतरतो, आणि घरातलं सगळ्यात लहान माणूस तो निस्तरायला बसतं. कोणाचं पोट दुखतं, कोणी गप्प होतं, कोणी चोर आणतं. त्यानंतर घरगुती तक्रारीला गेलो की मी आधी घरातलं पोर शोधायचो, आणि आईबापाला वेगळं नेण्याआधी त्याला सांगायचो की दहा मिनिटांत दोघंही परत येतील.

निवृत्तीनंतर एकदा हे सारं मी माझ्या मुलाला फोनवर सांगितलं. तो आता पुण्याला असतो, स्वतः बाप झालाय. सहज विचारलं, मी ड्यूटीवरून यायचो तेव्हा तू काय करायचास रे?

"तुम्ही गाडी स्टँडला कशी लावता ते ऐकायचो, बाबा," तो म्हणाला. "जोरात लावली, तर मी पुस्तक उघडायचो. आईपण रेडिओ बंद करायची."

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी जबाब घेत फिरलो. हा जबाब घ्यायचा राहिला होता. मी त्याला म्हटलं, चुकलंच माझं. तो म्हणाला, असू द्या. मग फोन ठेवण्याआधी मी एवढंच विचारलं, आता तू गाडी स्टँडला कशी लावतोस रे?